काचेचा रतीब

प्रश्न : मी सांगलीचा, वय ३१. पुण्यात एका हाऊसकीपिंग कंपनीत मोठ्या इमारतींच्या काचा पुसण्याच्या कामावर होतो, शेवटी सुपरवायझर झालो. वडिलांच्या आजारपणामुळे दोन वर्षांपूर्वी परत आलो आणि इथेच काचसफाईचा व्यवसाय सुरू केला. मी, मावसभाऊ आणि आणखी एक मुलगा. गणपती ते दिवाळी बंगल्यांची, फ्लॅटची कामं उरकत नाहीत. एरवी महिन्याला पाच-सहा. म्हणून शोरूम, हॉस्पिटल, बँका, कुपवाड एमआयडीसीतल्या कंपन्या अशी कायमची कामं धरायचं ठरवलं. पत्रकं वाटली, कार्डं दिली, दीडएकशे ठिकाणी जाऊन आलो. उत्तरं ठरलेली : 'आमचा शिपाई पुसतो' नाहीतर 'रेट पाठवा, कळवतो'. रेट पाठवला की पुन्हा फोन नाही. मित्र म्हणतो, रेट निम्मा कर. सासरे म्हणतात, कर्ज काढून उंच इमारतींसाठी झुला (दोरांवर टांगलेला पाळणा) घे, मोठी कामं मशिनरी बघूनच मिळतात. एका कंपनीत परचेसच्या माणसाने 'आमचं काय?' असं सरळ विचारलं. सांगलीत स्वच्छ काचेची किंमतच कुणाला नाही, असं वाटायला लागलंय. पुण्याला परत जाऊ का?

उत्तर : दीडशे ठिकाणी गेलात हे लिहिलंत, पण तिथे कुणाला भेटलात ते पत्रात कुठेच नाही. गोम तिथेच असावी. काउंटरवरचा मुलगा, रिसेप्शनवरची ताई, गेटवरचा वॉचमन यांना 'हो' म्हणायचा अधिकार नसतो आणि 'नाही' म्हणायची भीड वाटते. मग 'रेट पाठवा' म्हणून ते आपली सुटका करून घेतात. तो रेट बहुतेक ठिकाणी मालकाच्या नजरेला पडलेलाच नाही. जो आकडा कुणी वाचला नाही तो निम्मा करून काय मिळणार? मित्राचा सल्ला तूर्त बाजूला ठेवा.

आधी हे बघा, की काच मळली तर नेमकं कुणाला बोलून घ्यावं लागतं. गाड्यांच्या शोरूममध्ये तो माणूस मॅनेजर असतो, कारण कंपनीचे लोक पाहणीला आले की त्यालाच धारेवर धरतात. सराफाच्या दुकानात मालक स्वतः गादीवर असतो. १८३२ साली गाडगीळांची पेढी जिथे सुरू झाली त्या सांगलीत सराफाला झगमगाटाचं महत्त्व समजावून सांगायला नको. मात्र तिथे अनोळखी मुलांना आत घेण्याची धास्ती असते. तेव्हा बोलणी फक्त बाहेरच्या काचेची करा आणि दोन्ही मुलांच्या आधार कार्डांच्या प्रती न मागता पुढे ठेवा.

मिरजेचं गणित वेगळं. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना सुरू केला तेव्हापासून मिरज हे डॉक्टरांचं गाव, आणि आजही तिथे लहान-मोठी हॉस्पिटलं पावलापावलावर आहेत. वीस-तीस खाटांच्या हॉस्पिटलात डॉक्टरांना भेटायला जाऊ नका. ते ओपीडीत असतात, तुमचं बोलणं अर्ध्यात तुटतं. असल्या हॉस्पिटलांचा कारभार पुष्कळदा डॉक्टरांच्या घरच्या मॅडम बघतात. दुपारी दोननंतर, ओपीडी संपल्यावर, त्यांची वेळ घेऊन जा.

बँकेच्या शाखेत मात्र शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसं काही नसतं. सफाईचा ठेका बहुतेक वरच्या कार्यालयातून एखाद्या एजन्सीला गेलेला असतो. तिथे खेटे घालण्यापेक्षा त्या एजन्सीला गाठा. तिच्याकडे माणसं असतात, पण लांब दांडा आणि वरची काच पुसायची सवय नसते. तेवढं काम पोटठेक्याने घेता येतं.

आता 'आमचा शिपाई पुसतो' याबद्दल. ही थाप नाही, तो खरंच पुसतो. पण हात पोचतो तिथपर्यंत! उद्या सकाळी अकराच्या उन्हात सांगलीच्या विश्रामबागेतल्या कुठल्याही काचेच्या दर्शनी भागासमोर पाच मिनिटं उभे राहा. खाली सहा-सात फुटांपर्यंत वर्तमानपत्राने पुसल्याचे गोल गोल फराटे आणि कागदाचे तूस. त्याच्या वर एक सरळ रेघ, जणू पट्टी लावून मारलेली. रेघेच्या वर मागच्या पावसात ओघळलेली धूळ तशीच वाळून बसलेली, बोर्डाच्या मागे कोळ्याचं जाळं, आणि टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी जिथून उतरतं तिथे बोअरच्या क्षाराचे पांढरे ओघळ. मालक रोज गाडी लावून थेट आत जातो, त्याला हे दिसत नाही. गिऱ्हाईक रस्त्यापलीकडून बघतं, त्याला पहिलं तेच दिसतं.

म्हणून भेटल्यावर 'आम्ही काचा पुसतो' अशी सुरुवात करू नका. विचारा, "साहेब, ही वरची काच शेवटची कधी पुसली होती?" उत्तर बहुतेक येणार नाही. मग त्यांना बाहेर बोलवा आणि ती रेघ दाखवा. पुढे म्हणा, "खालचं काम तुमच्या माणसाकडेच राहू दे, वरचं आम्ही करतो." हे दुसरं वाक्य अजिबात विसरू नका. शिपायाच्या पोटावर पाय येतोय अशी नुसती शंका आली तरी तुमचं काम टिकणार नाही. सकाळी शटर तोच उघडणार आहे, नळाची चावी त्याच्याच खिशात असणार आहे. त्याला एक बरा रबराचा वायपर भेट द्या आणि हात कसा फिरवायचा तेही दाखवा. पुण्यात शिकलेली विद्या चार जणांना दिल्याने धंदा बुडत नाही. उलट तुम्ही नसताना मालकासमोर तुमची बाजू घेणारा एक माणूस आत तयार होतो.

भेट झाली की एक तावदान, एकच, तिथल्या तिथे पुसून द्या, तेही मधलं. शेजारची दोन तशीच ठेवा आणि निघा. पत्रक कुणी वाचत नाही, पण त्या एका तावदानाकडे दिवसभरात दहा जण बघतील. संपूर्ण फ्रंट मात्र फुकट करून देऊ नका. फुकट मिळालं की माणूस पुढचे दोन महिने निवांत असतो.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट धरून चाललेली आहे : कायमचं गिऱ्हाईक म्हणजे मोठं गिऱ्हाईक. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे. कुपवाडची मोठी कंपनी वर्षातून दोनदा बोलावेल, आधी व्हेंडर म्हणून नोंदणी करायला लावेल, पीएफ आणि ईएसआयचे नंबर मागेल, आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी देईल. रस्त्यावरचं चष्म्याचं दुकान, लॅब, जिम, मिठाईचं दुकान, कपड्यांचं शोरूम, ही आठवड्याला एकदा काम देणारी मंडळी. त्यांच्या दारात दुधाच्या रतिबासारखं ठरल्या वारी, ठरल्या वेळी उभं राहायचं, एवढंच.

हिशेब मांडून बघू. समजा, दोन मुलांची मजुरी दिवसाला १,३०० रुपये, पेट्रोल-साबण-कापड २०० रुपये. म्हणजे घराबाहेर पडलात की १,५०० गेले. समजा, एका लहान फ्रंटचे एका वेळेला ३५० रुपये घेता आणि अर्धा तास लागतो. चार दुकानं सांगली, मिरज, कुपवाड अशी विखुरलेली असतील तर सकाळ त्यातच संपते आणि हातात येतात १,४०० रुपये. म्हणजे काम मिळूनही शंभराचा तोटा. तीच दुकानं एका रस्त्यावर लागून असतील तर सात ते साडेदहा एवढ्या वेळात सहा होतात. २,१०० आले, ६०० सुटले, आणि मुलांचा उरलेला दिवस हॉस्पिटलच्या किंवा बंगल्याच्या कामाला मोकळा. रेट दोन्हीकडे तोच, ३५०. फरक पडला तो अंतराचा. तुमच्या मित्राने रेट निम्मा करायला सांगितला तेव्हा हा हिशेब मांडला नव्हता बहुतेक. ३५० चे १७५ केलेत तर सहा दुकानं करूनही १,०५० येतात, म्हणजे रोज पदरचे साडेचारशे घालायचे.

तेव्हा एक रस्ता निवडा. विश्रामबागेतून मिरजेकडे जाणारा असो, नाहीतर शंभर फुटी. चालत फिरा, दोन्ही बाजूंची काचेची दुकानं वहीत क्रमाने लिहा, प्रत्येकापुढे 'कोण ठरवतं' असा रकाना ठेवा. तो रकाना भरेपर्यंत रेट कुणालाच पाठवू नका. पहिलं काम मिळालं की त्याच्या डाव्या-उजव्या दुकानात त्याच सकाळी जा, बादली हातात असतानाच. "शेजारी दर मंगळवारी येतो, तुमचंही त्याच फेरीत होईल" या वाक्याला जेवढं वजन आहे तेवढं छापील कार्डाला नाही. दुसरा रस्ता पहिला भरल्यावर.

कोटेशनमध्ये 'उत्कृष्ट सेवा', 'अनुभवी स्टाफ' असलं काही लिहू नका, ते सगळेच लिहितात. मी लिहिलं असतं तर व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच लिहिलं असतं :

'नमस्कार मॅडम. आज पाहिलेल्या कामाबाबत : दर्शनी भागातली १४ तावदानं, बाहेरून, पहिल्या मजल्यापर्यंत. दर मंगळवारी सकाळी ७.३० ते ८, दुकान उघडण्याआधी. पाणी तुमचं, बाकी साहित्य आमचं. बोर्ड आणि एसीपी पॅनल (दर्शनी भागावरचे रंगीत पत्रे) यात धरलेले नाहीत. जुने क्षाराचे डाग काढण्याचे पैसे एकदाच, वेगळे. महिन्याचे १,४०० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. पावसामुळे मंगळवार चुकला तर गुरुवारी येऊ. सोबत आजचे फोटो.'

यात रेट शेवटी आहे आणि त्याआधी मॅडमच्या मनातल्या बहुतेक शंका संपल्या आहेत : कधी येणार, गिऱ्हाइकांच्या वेळेत पसारा होणार का, पाऊस आला तर काय, आणि नंतर जादा पैसे मागणार का. दुकानदार पैसे देतो ते पुन्हा त्या काचेकडे लक्ष द्यावं लागू नये म्हणून. त्यामुळे एक मंगळवार न सांगता बुडवलात तर काच कितीही लख्ख पुसलेली असो, उपयोग नाही.

आणि इथेच तुमची खरी परीक्षा आहे. गणपती ते दिवाळी तुमच्याकडे बंगल्यांची रीघ असते. नेमक्या त्याच दिवसांत, दसरा-धनत्रयोदशीच्या आधी, शोरूमवाल्यांनाही काच चकचकीत हवी असते. बंगलेवाला दुप्पट देतो म्हणून एका सकाळी शोरूम टाळलंत, तर वर्षभराचं गिऱ्हाईक चार दिवसांच्या कमाईसाठी गेलं. सणाच्या महिन्यात सकाळी साडेदहापर्यंत रतिबाची कामं, बंगले त्यानंतर, असं आजच ठरवून टाका. लागला तर तेवढ्यापुरता एक मुलगा जास्त घ्या. गुढीपाडवा आणि अक्षय तृतीयेच्या आधीचे आठ दिवसही तसेच.

कामाच्या कसबाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! पण ज्या दोन गोष्टींवरून व्यवसाय बदनाम होतो त्या लिहून ठेवतो, इतर वाचकांच्याही उपयोगी पडतील. एक, पाणी. बोअरच्या पाण्याने धुतलेली काच उन्हात वाळली की नवे डाग धरते. शेवटचा हात आरओच्या पाण्याचा असू द्या, आणि खिशात टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र, ठेवा. काही शे रुपयांचं ते यंत्र मॅडमसमोर त्यांच्या नळाच्या पाण्यात बुडवून दाखवलंत की क्षाराच्या डागांचे वेगळे पैसे का, हे बोलावं लागत नाही. डागांवर बाथरूमचं अ‍ॅसिड मारणारे लोक गावात आहेत. त्याने अ‍ॅल्युमिनियमची चौकट डागाळते, एसीपीचा रंग उडतो, आणि नाव सगळ्या काचवाल्यांचं खराब होतं. दुसरी, ओरखडे. नव्या इमारतीत काचेवर सिमेंटचे शिंतोडे असतात. टफन केलेल्या किंवा बाहेरून रिफ्लेक्टिव्ह थर असलेल्या काचेवर ब्लेड फिरवलंत की चरा उठतो आणि काचेचे पैसे तुमच्याकडून वसूल होतात. आधी कोपऱ्यात करून बघा, आधीचे ओरखडे फोटोत घ्या, ते फोटो काम सुरू करायच्या आधी पाठवा.

सासऱ्यांचा मुद्दा. मुलीच्या संसाराची काळजी त्यामागे आहे, त्यांना तोडून बोलू नका. पण झुला आत्ता नको. सांगली-मिरजेत झुला लागेल अशा काचेच्या उंच इमारती किती आणि त्या वर्षातून कितीदा पुसून घेतात, हे वहीत मोजून त्यांना दाखवा. हप्ता मात्र दर महिन्याला येतो. पहिलं वर्ष दुसऱ्या मजल्याच्या वर जायचं नाही असा नियम करा. जमिनीवर उभं राहून पाणी सोडता येतं असा लांब दांडा त्याला पुरतो. दांडा फायबर ग्लासचा घ्या. अ‍ॅल्युमिनियममधून वीज वाहते, कार्बन फायबरमधूनही वाहते, आणि आपल्या पेठांमध्ये विजेच्या तारा दुकानांच्या गॅलऱ्यांना किती चिकटून जातात ते तुम्ही रोज बघता. तारांच्या जवळचं काम नाकारा, गिऱ्हाईक कितीही जवळचं असो. शिडी लावाल तिथे चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने पाया भिंतीपासून लांब, आणि खाली धरायला माणूस हवाच. उंचीवर जायचंच झालं तर आयएस ३५२१ चा शिक्का असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस. तिघांचा अपघात विमा मात्र याच महिन्यात काढा, झुल्याच्या पहिल्या हप्त्यापेक्षा तो नक्की स्वस्त पडेल. त्याची प्रत कोटेशनला जोडलीत तर हॉस्पिटलवाल्यांचा अर्धा संकोच जातो. आपल्या दारात कुणी पडलं तर काय, हीच त्यांची धास्ती असते.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. काम सुरू करण्याआधी ती करून घ्या आणि नंबर बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमईडी (लहान-मध्यम उद्योगांसाठीच्या) कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यापासून असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच आयकरात दाखवता येतो. मार्च जवळ आला की कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना याची आठवण आपोआप होते. तुम्ही फक्त बिलावरचा नंबर नम्रपणे दाखवा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची सक्ती नाही, आणि 'आमच्याकडे जीएसटी नाही' हे खाली मान घालून सांगायचं कारणही नाही. उपचारांच्या सेवेवर जीएसटी नसल्यामुळे हॉस्पिटलला त्याची वजावट मिळत नाही. नोंदणी असलेल्या एजन्सीच्या बिलावरचे १८ टक्के त्यांना पदरचे भरावे लागतात, तुमच्या बिलावर ते नाहीतच. मॅडमना हे सांगा, त्यांना लगेच कळेल. कंपन्यांचं काम घ्याल तेव्हा एक बिल ३०,००० किंवा वर्षाची बिलं १ लाखाच्या वर गेली की एक टक्का टीडीएस, म्हणजे बिलातूनच आधी कापला जाणारा आयकर, कापतील. ती लबाडी नव्हे, पॅन दिला असेल तर विवरणपत्र भरून हिशेबात मिळतो. पॅन नसेल तर २० टक्के कापतात, एवढं लक्षात असू द्या.

'आमचं काय?' विचारणाऱ्याला हसून नमस्कार करा आणि त्या कंपनीचं नाव वहीतून खोडा. आज पाच टक्के मागणारा पुढच्या वर्षी दहा मागतो, आणि त्याची बदली झाली की नव्या माणसाच्या लेखी तुम्ही जुन्याचे दलाल.

राहिलं पुणं. तिथे काचा जास्त आहेत हे खरं, पण त्या पुसणारेही जास्त आहेत, आणि वडील इथे आहेत. सांगलीत काचेची किंमत नाही हे तुमचं मत दीडशे काउंटरांवरून झालं आहे, दीडशे मालकांवरून नव्हे. एक रस्ता, सहा महिने, एवढं करून बघा. त्यानंतर पुन्हा लिहा, आणि पत्रात तीन आकडे नक्की द्या : त्या रस्त्यावरची रतिबाची गिऱ्हाइकं किती, बुडालेल्या फेऱ्या किती आणि थकलेली बिलं किती. झुल्याचं आणि पुण्याचं तेव्हा बोलू.